सेन्सर बदलूनही तोच एरर परत येतो, तेव्हा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या दातांच्या लॅबमध्ये क्राऊन, म्हणजे दातावर बसवायच्या टोप्या, कापणारं पाच अक्षांचं मिलिंग मशीन आहे, सकाळी त्यावर झिरकोनिया हे सिरॅमिक सुकं चालतं आणि दुपारनंतर पाण्याखाली ग्लास सिरॅमिक. गेल्या चार महिन्यांपासून टूल मापनाचा एरर येतोय, टूल मोडलं नसताना मशीन 'टूल मोडलं' म्हणतंय. टूल सेटर, म्हणजे टूलची लांबी मोजणारा सेन्सर, दोनदा बदलून झाला. दोन्ही वेळा दोन-तीन आठवडे बरे गेले आणि मग पहिले पाढे पंचावन्न. शिवाय अधूनमधून सकाळी पहिल्यांदा चालू करताना एक्स अक्ष होमिंगला, म्हणजे आपली मूळ जागा शोधताना, अडतो. म्हणून तुम्ही विचारताय की बाजारात सेन्सरच खराब मिळतायत का, आणि देखभालीचं वेळापत्रक काय ठेवावं.

मशीन समोर नसताना छातीठोकपणे सांगणं कठीण आहे, पण तुमच्या लिहिण्यातले 'दोन-तीन आठवडे' हे शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. नवा सेन्सर बसवताना इंजिनियर आणखी काय काय करतो ते आठवा. जुना काढतो, खालची जागा पुसतो, कनेक्टर काढून परत घट्ट बसवतो, वायर थोडी सरळ करतो, शेवटी कॅलिब्रेशन करतो. यातलं नक्की कशानं बरं वाटलं? सेन्सर खरंच मेला होता तर नवा इतक्या लवकर मरायचं कारण नाही, आणि दोन सेन्सर सारख्याच दिवसांनी मरतात हे तर फारच सोयीचं झालं. मला वाटतं, दोन्ही वेळा गुण सेन्सरचा नव्हता, पुसण्याचा किंवा कनेक्टर हलवण्याचा होता. दोन-तीन आठवड्यांत घाण परत तेवढीच साठली.

तुमचा टूल सेटर कोणत्या जातीचा आहे यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. काहींमध्ये स्प्रिंगवरची दांडी असते, टूल तिला दाबतं आणि आत स्विचचा संपर्क तुटतो किंवा जुळतो. काही नुसत्या विजेच्या स्पर्शावर चालतात, टूल टेकलं की सर्किट पूर्ण. काहींत प्रकाशाचा किरण असतो. विजेवाला असेल तर एक गोष्ट आधी बघा: एरर ठरावीक टूललाच येतो का? हिरा वीज वाहू देत नाही, त्यामुळे हिऱ्याचं कोटिंग असलेलं टूल अशा सेटरला धड जाणवत नाही. तसं असेल तर सेन्सर निर्दोष आहे, टूलची निवड चुकली आहे. तुम्ही केलेल्या वर्णनावरून मात्र तुमचा दांडीवाला वाटतो, म्हणून त्याच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

बॅटरी आणि एखादं भिंग घ्या आणि दांडी जिथे घरात शिरते त्या फटीकडे तिरक्या उजेडात बघा. सरळ वरून बघितलं तर काही दिसत नाही. तुमच्यासारख्या सुकं-ओलं दोन्ही करणाऱ्या मशीनवर तिथे मला बहुतेक वेळा एक पांढुरकी कडी सापडते, टूथपेस्ट वाळल्यासारखी. झिरकोनियाची भुकटी सुकी असेपर्यंत सक्शनने किंवा ब्रशने निघते. तिच्यावर कूलंटचा तुषार पडला की तिचा लगदा होतो, रात्रभरात वाळतो आणि दांडीच्या गळ्याशी घट्ट बसतो. बोटाने दांडी दाबून बघा. खाली जाताना नाही कळणार, सोडल्यावर कळेल: चांगली दांडी टुणकन वर येते, अडकलेली आळसावून येते किंवा शेवटचा केसभर भाग येतच नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली तर पुढे फार उपयोग होतो. घाण कुठे आहे त्यावर चूक कोणत्या दिशेला होते ते ठरतं. सेटरच्या माथ्यावर भुकटीचा थर असेल तर टूल लवकर टेकतं. मशीनला वाटतं टूल आहे त्यापेक्षा लांब आहे. मग कापताना ते स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा भाग, तेवढं वर ठेवतं आणि दोन्ही बाजूंनी माल शिल्लक राहतो. क्राऊन आतून उथळ, वरून जाड. म्हणजे बसत नाही आणि चावायला उंच लागतो. उलट, आतला स्विच उशिरा सुटत असेल तर मशीनला टूल आखूड वाटतं, ते जास्त खोल जातं आणि मार्जिन, म्हणजे क्राऊनची कड, पातळ होते किंवा क्राऊनला भोक पडतं. झिरकोनिया भट्टीत आटणार म्हणून आपण वीस-पंचवीस टक्के मोठं कापतो, त्यामुळे मिलिंगमधली २५ मायक्रॉनची चूक भट्टीनंतर साधारण २० उरते, पण जात नाही. कितीतरी लॅबमध्ये लोक सॉफ्टवेअरमधला सिमेंट गॅप (क्राऊन आणि दात यांच्यात सिमेंटसाठी सोडलेली फट) वाढवत बसतात आणि दोष असतो सेटरच्या माथ्यावरच्या चिमूटभर पांढऱ्या पावडरीत. तुमच्याकडे एरर यायच्या आधीचे काही दिवस क्राऊन बसायला त्रास देत होते का, ते आठवून बघा. मशीन एरर देतं ते चूक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यावर. मर्यादेच्या आत असेपर्यंत ते मुकाट्याने चुकीचं कापत असतं.

आता तिसरा सेटर मागवायच्या आधी करायची चाचणी. मी ती प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा करतो, फार तर अर्धा-पाऊण तास लागतो आणि कागद-पेन सोडून काही लागत नाही. एक बऱ्यापैकी नवं टूल घ्या. स्पिंडल मॅन्युअलप्रमाणे गरम करून घ्या. ते टूल कोलेटमधून, म्हणजे टूल पकडणाऱ्या चिमट्यातून, न काढता दहा वेळा लांबी मोजा आणि दहाही आकडे लिहा. मग तेच टूल दर वेळी परत मॅगझिनमध्ये (टूल ठेवायच्या खणात) ठेवून, परत उचलून, आणखी दहा वेळा मोजा. पहिल्या दहांत आकडे इकडेतिकडे पळत असतील तर दोष सेटरचा किंवा त्याच्या वायरचा. पहिले दहा एकमेकांना चिकटून आणि दुसरे दहा विखुरलेले असतील तर सेटर शहाणा आहे, कोलेट घाणेरडं आहे. टूल प्रत्येक वेळी थोडं वेगळं बसतंय आणि सेटर ते इमानेइतबारे सांगतोय. मी स्वतः पहिल्या दहांत शंभरावा भाग मिलिमीटर, म्हणजे ०.०१ पर्यंतचा फरक चालवून घेतो. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा.

याच चाचणीचा तिसरा भाग बरेच जण टाळतात. सकाळी स्पिंडल थंड असताना एकदा मोजा आणि तासभर काम झाल्यावर तेच टूल परत मोजा. स्पिंडल तापलं की त्याचा दांडा वाढतो, टूलचं टोक खाली सरकतं. हा फरक वीस-तीस मायक्रॉनांसारखा, दोन आकडी मायक्रॉनांचा असू शकतो. थंड मशीनवर टूल मोजून लगेच कामाला लावलं आणि पुढच्या तपासणीत लांबी जुळली नाही, तर त्याचं खापर सेन्सरवर फुटतं. तुमचे एरर दिवसाच्या कोणत्या वेळी येतात ते तुम्ही लिहिलं नाही. सकाळच्या पहिल्या डिस्कला येत असतील तर मी आधी इथे बघेन, दुपारी ओलं काम सुरू झाल्यावर येत असतील तर दांडीच्या गळ्याशी.

कोलेटबद्दल दोन वाक्यं. टूल काढून कोलेटच्या आतल्या शंकूत आणि फटींत बघा, मऊ ब्रशने साफ करा, उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस सांगितलं तेवढंच लावा. जास्त ग्रीस म्हणजे भुकटीला आमंत्रण.

साफ करताना हवेची गन वापरू नका. हे मी चटका बसल्यावर शिकलो. सुरुवातीच्या काळात एका मशीनचा सेटर मी गनने लख्ख केला, स्वतःवर खूश झालो, आणि काही महिन्यांनी त्याच मशीनचा झेड अक्ष करकरायला लागला. सेटरवरची भुकटी मी उडवली ती थेट लिनियर गाईडच्या, म्हणजे अक्ष ज्या पट्टीवर सरकतो तिच्या, सीलखाली. कच्चं झिरकोनिया हाताला खडूसारखं मऊ लागतं खरं, पण त्याचा एकेक कण कठीणच असतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांना तो पॉलिश पेपरसारखा घासतो. सक्शनची नळी एका हातात आणि मऊ ब्रश दुसऱ्या हातात, एवढंच पुरे. वाळलेल्या लगद्याला धागे न सुटणारं कापड घ्या, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापड ओलं, ठिबकणारं नको. प्रकाशाच्या सेन्सरच्या काचेला, जी अनेकदा प्लॅस्टिकची असते, अॅसिटोन किंवा थिनर लावलात तर ती कायमची धुरकट होईल.

आता एक्स अक्षाचं होमिंग. हा माझ्या मते वेगळा आजार आहे, पहिल्याशी त्याची गल्लत करू नका. तिथे बहुतेक इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे धातू जवळ आल्याचं न टेकता ओळखणारा, असणार, बोटाच्या पेराएवढा, एम८ आट्यांचा. हा सेन्सर १९५८ मध्ये वॉल्टर पेपर्ल आणि विल्फ्रीड गेल यांनी जर्मनीत बनवला, तो मुळात झिजणारे यांत्रिक संपर्क टाळण्यासाठीच. त्यात हलणारं काही नाही, घासणारं काही नाही. म्हणून तो 'जुना झाला' हे कारण मी सहसा स्वीकारत नाही. आणखी एक: त्याला फक्त धातू दिसतो. झिरकोनियाची भुकटी त्याच्या तोंडावर कितीही साचली तरी त्याला ती दिसत नाही, कारण झिरकोनिया धातू नाही, वीज वाहू देत नाही. टायटॅनियम किंवा कोबाल्ट क्रोम कापणाऱ्या मशीनवर मात्र एक चकाकता छिलका तोंडाला चिकटला की तो सेन्सर कायम चालू राहतो. तुम्ही धातू कापत नाही असं दिसतं. त्यामुळे तुमच्याकडे घाणीपेक्षा अंतर किंवा वायर, या दोघांवर माझा संशय आहे. खाचेत प्रकाश टाकणारा सेन्सर निघाला तर मात्र भुकटीही आरोपी.

अंतराचं गणित साधं आहे. सेन्सरवर २ मिलिमीटर लिहिलेलं असतं ते साध्या पोलादासाठी. आयईसी ६०९४७-५-२ या मानकात खात्रीचं अंतर त्याच्या ८१ टक्के धरलं आहे, म्हणजे सुमारे १.६. समोरचा तुकडा स्टेनलेसचा असेल तर ते आणखी कमी होतं, अॅल्युमिनियमचा असेल तर निम्म्याहूनही खाली येतं. मी नेहमी लिहिलेल्याच्या अर्ध्यावर बसवतो. कोणी ब्रॅकेटचा स्क्रू सैल करून तो जरासा मागे सरकवला असेल तर दिवसभर चालतं आणि एखाद्या थंड सकाळी नाही. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून मोजा, अंदाजाने नको.

वायरची तपासणी करायला मशीनची इनपुट दाखवणारी स्क्रीन उघडा आणि सेन्सरच्या पाठीवरच्या छोट्या दिव्याकडे नजर ठेवा. तीन तारांचा नेहमीचा सेन्सर असेल तर तपकिरी तार २४ व्होल्टची, निळी शून्याची, काळी सिग्नलची. तोंडाशी पोलादी पाना नेला की दिवा लागला आणि स्क्रीनवर बदल दिसला तर साखळी शाबूत. दिवा लागतो पण स्क्रीन ढिम्म, तर काळी तार, कनेक्टर किंवा इनपुट कार्ड. दिवाच लागत नाही, तर आधी तपकिरी-निळ्यात मीटर लावून व्होल्टेज बघा, मग सेन्सरला दोष द्या. असे सेन्सर साधारण १० ते ३० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे २३ किंवा २२ दिसलं म्हणून घाबरू नका. पण मोजताना सक्शन आणि पंप चालू ठेवा. सगळं बंद असताना प्रत्येक सप्लाय गुणी असतो.

सगळं ठीक दिसलं तर अक्ष अगदी हळू जॉग करत, म्हणजे बटणाने हाताने सरकवत, या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या आणि कोणाला तरी स्क्रीन बघायला सांगा. ड्रॅग चेनमधली, म्हणजे अक्षाबरोबर वाकणाऱ्या साखळीतली, वायर आतून तुटते, वरचं आवरण जसंच्या तसं राहतं. ठरावीक जागीच सिग्नल लुकलुकला तर त्या वाकणाशीच तुटलंय. होमिंगमध्येच आणखी एक गंमत होते, ती ओळखता आली तर दिवस वाचतो. सर्व्हो मशीनवर होम सेन्सर फक्त ढोबळ जागा सांगतो, नेमकी जागा त्यानंतर येणाऱ्या इंडेक्स पल्सवरून ठरते, म्हणजे मोटरचं फिरणं मोजणारा एन्कोडर दर फेऱ्याला एकदा देतो त्या खुणेवरून. सेन्सरचा कडेचा बिंदू त्या पल्सच्या अगदी जवळ आला तर मशीन कधी हा पल्स पकडतं, कधी पुढचा. मग चूक लहानसहान नसते, मोटरच्या बरोब्बर एका फेऱ्याएवढी असते. स्क्रू मोटरला थेट जोडलेला आणि ५ मिलिमीटर पिचचा असेल तर नेमकी ५ मिलिमीटर. असं दिसलं तर सेन्सर किंचित सरकवा, बदलू नका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खराब सेन्सरच्या नावावर खपणाऱ्या आणखी दोन गोष्टी सांगतो. पहिली हवेचा दाब. टूल बदलताना 'दाब कमी' असा एरर येत असेल तर प्रेशर स्विच बदलू नका, टूल बदलतानाच गेजच्या काट्याकडे बघा. थांबलेल्या मशीनवर काटा छान ७ बार दाखवतो आणि कोलेट उघडताच झपकन खाली बसतो. नळी बारीक आहे, फिल्टर तुंबलाय किंवा कंप्रेसर उशिरा सुरू होतोय. फिल्टरच्या वाटीत पाणी दिसलं तर तेही लिहून ठेवा, कारण तीच ओली हवा स्पिंडलच्या सीलमधून बाहेर येते आणि भुकटीचा लगदा करते. तुमच्या सेटरच्या लगद्यातही तिचा हात असू शकतो. दुसरी स्पिंडलच्या तापमानाची. आत पीटी१०० (तापमानाबरोबर रोध बदलणारा सेन्सर) असेल तर त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम, २५ अंशाला १०९.७ च्या आसपास, म्हणजे दर अंशाला सुमारे ०.३८५. दोन तारांची जोडणी असेल आणि गंजलेल्या कनेक्टरने एक ओहम जास्तीचा घुसवला तर मशीनला स्पिंडल अडीच अंशांनी जास्त गरम वाटतं. कनेक्टर साफ करा, स्पिंडल उघडायला सांगू नका. काही स्पिंडलमध्ये दुसऱ्या जातीचा सेन्सर असतो, तिथे हे आकडे लागू नाहीत.

दाराच्या स्विचबद्दल एवढंच: त्याला जंपर मारून, म्हणजे तार जोडून तो निकामी करून, मशीन चालवायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका, एका डिस्कपुरतासुद्धा. मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरणारं टूल मोडलं की तुकडा कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. हे सेन्सर बहुतेक वेळा बिजागरी खाली बसल्याने रुसतात. दार उचलून बंद केलं आणि एरर गेला तर बिजागरी आवळा.

वेळापत्रकाचं म्हणाल तर आठवडे मोजण्यापेक्षा सुक्यावरून ओल्यावर जाण्याचा क्षण धरा. तुमच्याकडे तो रोज येतो. ओलं काम सुरू करायच्या आधी चेंबर सक्शनने कोरडं साफ, सेटरचा माथा आणि गळा ब्रशने साफ. ओलं काम संपल्यावर चेंबर पुसून वाळू द्यायचं, दार थोडं उघडं ठेवून, आणि मगच दुसऱ्या दिवशीचं झिरकोनिया. यात दहा मिनिटं जातात आणि त्यानेच निम्मे एरर जातील असा माझा अंदाज आहे. शक्य असेल तर दिवस वाटून घ्या, तीन दिवस सुकं, दोन दिवस ओलं, म्हणजे ही अदलाबदल आठवड्यातून एकदाच होईल. कूलंट बदलताना फ्लो सेन्सरचं छोटं चक्र काढून धुवा, ग्लास सिरॅमिकचा गाळ त्याला जड करतो आणि मग पंप ठीक असूनही 'प्रवाह कमी' येतं. दहा मापांची चाचणी महिन्यातून एकदा, आकडे तारखेसह एकाच वहीत. कनेक्टर मात्र उगाच दर महिन्याला काढून घालू नका, तेही झिजतात.

काहीही काढायच्या आधी पॅरामीटरच्या स्क्रीनचे फोटो काढून ठेवा. आणि सेटर किंवा होम सेन्सर हलवला, मग तो केसभर का असेना, की कॅलिब्रेशन परत करावंच लागतं. त्यानंतर एक चाचणीचा तुकडा कापून मायक्रोमीटरने मोजा. कॅलिब्रेशन 'यशस्वी' आलं म्हणून गिऱ्हाइकाचं काम लावू नका.

तर आज सक्शन, ब्रश आणि ते वीस आकडे. सेटर न पुसता आधी वीस आकडे घ्या, मग पुसा, मग परत वीस. पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर फरक पडला तर सेटर मागवायची गरज उरली नाही. फरक पडला नाही आणि पहिले दहाच पळत असतील तर सेटरची वायर हाताने हलवत आणखी पाच मापं घ्या. तरीही उलगडा झाला नाही तर सगळे आकडे, टूलचा प्रकार आणि एरर येण्याची वेळ कळवा, मग पुढचं बघू.